लिलावातलं घर आणि कागदावर न चढलेला बोजा

(बचत गटांच्या प्रतिनिधी आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय ‘महिला आणि मालमत्ता’ असा भारदस्त छापला आहे. त्यातल्या एकाच गोष्टीवर मी बोलणार आहे. बँकेने थकलेल्या कर्जापायी लिलावात काढलेलं घर विकत घ्यायचं असेल, तर त्यावर आणखी कुणाकुणाचा बोजा आहे आणि कर्ज नेमकं किती बाकी आहे, हे आधी कसं शोधायचं?

आमच्या केंद्रावर हा प्रश्न घेऊन दोन प्रकारच्या बाया येतात. एकीला लिलावातलं घर घ्यायचं असतं. दुसरीचं घर लिलावात निघालेलं असतं. पहिली बहुतेक वेळा एकटी असते. विधवा, परित्यक्ता, किंवा लग्नच न केलेली. दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलून आणि ‘एकट्या बाईला देत नाही’ हे ऐकून ती कंटाळलेली असते. पेपरात लिलावाची जाहिरात दिसते, किंमत बाजारभावापेक्षा कमी असते आणि तिला वाटतं, हे आपल्याला झेपेल. दुसरीच्या दारावर एक दिवस कागद चिकटवलेला असतो आणि त्यातलं अक्षरही तिला कळत नाही. दोघी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. म्हणून मी दोघींशी एकत्रच बोलणार आहे.

आधी ती जाहिरात वाचायला शिकू. त्या जाहिरातींचं मराठी म्हणजे शिक्षाच असते. ‘प्रतिभूत धनको’, ‘प्राधिकृत अधिकारी’, ‘सांकेतिक कब्जा’. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मलासुद्धा पहिल्यांदा ती तीनदा वाचावी लागली, तर सातवी शिकलेल्या बाईने काय करायचं? पण त्यात कामाच्या चार-पाच जागा असतात, त्या ओळखता आल्या की झालं. राखीव किंमत, अनामत रक्कम, येणे बाकी, ताबा कोणता आणि ज्ञात भार. भार म्हणजे आपल्या तलाठ्याच्या भाषेतला बोजा.

बहुतेक जाहिराती सरफेसी कायद्याखाली येतात. हा कायदा २००२ चा. त्यामुळे बँकेला कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता विकता येते. गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांनाही तो लागू आहे. सहकारी बँकांना लागू आहे की नाही हा वाद बरीच वर्षं चालला आणि मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला. लागू आहे. ते प्रकरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं. पतसंस्थांचा रस्ता मात्र वेगळा आहे. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती-लिलाव करतात. जाहिरात हातात आली की पहिल्यांदा बघा, कुठल्या कायद्याखाली आहे.

आता ‘ज्ञात भार’ या शब्दाकडे या. कायद्याच्या नियमांनुसार बँकेला तिला माहीत असलेले बोजे जाहिरातीत लिहावे लागतात. माहीत असलेले! जाहिरातीत ‘ज्ञात भार : निरंक’ असं असलं तर त्याचा अर्थ ‘बोजा नाही’ असा होत नाही. ‘आम्हाला माहीत नाही’ एवढाच होतो. आणि खाली बारीक टायपात ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री असं लिहिलेलं असतं. म्हणजे नंतर जे निघेल ते तुमचं.

गेल्या वर्षी पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक मैत्रीण अशी जाहिरात घेऊन आमच्याकडे आली. शहराच्या कडेला असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, राखीव किंमत १८ लाख. तिने बारा वर्षं साठवलेले पैसे, थोडं सोनं आणि राहिलेलं कर्ज काढायचं, असा हिशेब केला होता. लिलावाला तीन आठवडे होते. आम्ही म्हटलं, आधी शोध घेऊ.

पहिल्यांदा गेलो ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, इंडेक्स दोन काढायला. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, जे काही नोंदवलेलं असेल ते इंडेक्स दोनला दिसतं. वकील तीस वर्षांचा शोध घेतात, त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. हल्ली नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही हे दिसतं, पण जुन्या नोंदींसाठी कार्यालयात जाणंच बरं. इथे एक खाच लक्षात ठेवा. पुष्कळ गृहकर्जं खरेदीखताचे मूळ कागद बँकेत ठेवून दिली जातात, गहाणखत नोंदवलेलंच नसतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा व्यवहाराची सूचना तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. त्याआधीच्या व्यवहारांना ही सक्ती नव्हती. म्हणजे २०१० चं कर्ज इंडेक्स दोनमध्ये न दिसता जिवंत असू शकतं.

त्यासाठी दुसरी जागा आहे, सेरसाई. तारण मालमत्तांची ही केंद्रीय नोंदवही २०११ मध्ये सुरू झाली. कोणीही थोडं शुल्क भरून मालमत्तेच्या वर्णनाने किंवा कर्जदाराच्या नावाने तिथे शोधू शकतं. एकाच घरावर दोन-दोन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार फार झाले, म्हणून ही आली. २४ जानेवारी २०२० पासून तर इथे नोंद असल्याशिवाय धनकोला सरफेसीखाली कारवाईच करता येत नाही. नोंद असेल तर सरकारी करांच्याही आधी बँकेचं देणं येतं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. पण विक्रीकर खात्याने त्या तारखेच्या आधीच रीतसर जप्ती लावून जाहीर केली असेल, तर तो प्रश्न खरेदीदाराच्या मानगुटीवर बसू शकतो. घरमालकाचं दुकान किंवा कारखाना होता का, हे म्हणून विचारायचं.

जमीन किंवा स्वतंत्र घर असेल तर सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि त्यामागचे फेरफार, शहरात मिळकत पत्रिका. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोसायटीच्या बोजाची तर आपल्याकडे घरोघरी ओळख आहे.

खरी माहिती मिळाली ती हाउसिंग सोसायटीच्या कचेरीत. सेक्रेटरी परक्या माणसाला काही सांगत नाहीत, म्हणून बँकेच्या अधिकाऱ्याकडून पत्र घेऊन गेलो. देखभाल खर्चाची थकबाकी १ लाख ४२ हजार. शिवाय एका पतसंस्थेचं पत्र फाइलला होतं. घरातल्या पुरुषाने व्यवसायासाठी काढलेलं कर्ज थकलं, तेव्हा पतसंस्थेने १०१ चा दाखला मिळवून सोसायटीला कळवलं होतं की, या सदस्याचे शेअर्स आणि फ्लॅट हस्तांतरित करू नका. बँकेच्या जाहिरातीत याचा शब्द नाही. इंडेक्स दोनलाही नाही.

मग महापालिका. घरपट्टी तीन वर्षं भरलेली नव्हती, आणि महापालिका अधिनियमाप्रमाणे घरपट्टी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. मग वीज. मीटर काढून नेलेला. विजेची जुनी बाकी नव्या मालकाने का भरायची, असं सगळ्यांना वाटतं. पण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितलं की, पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नवी जोडणी देताना कंपनी जुनी बाकी मागू शकते, आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ वर घेणाऱ्याने आधी चौकशी करायला हवी होती. तेव्हा महावितरणच्या उपविभागातही एक चक्कर.

हे सगळं शोधायला आठ दिवस आणि थोडेफार पैसे लागले. मैत्रिणीने वहीत आकडे मांडले तर अठराचे वीसच्या पुढे गेले, आणि पतसंस्थेचा प्रश्न वेगळाच.

आता कर्जाची बाकी. लिलावात घेणाऱ्याला बाकीशी काय करायचं आहे, तिने बोली लावायची आणि पैसे भरायचे, असं आपल्याला वाटतं. पण बाकीचा आकडा बोलतो. या फ्लॅटवर ‘येणे बाकी’ ११ लाख ४० हजार अधिक पुढचं व्याज असं लिहिलं होतं आणि राखीव किंमत १८ लाख. मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. अकरा लाख देणं आणि अठरा लाखांचं घर, तर या घरच्यांनी ते स्वतःच विकून बँकेचे पैसे का फेडले नाहीत? सहा लाख हातात राहिले असते. असा आकडा दिसला की घरात काहीतरी अडलेलं आहे असं समजायचं. भाऊबंदकी, दुसरं कर्ज, किंवा मालकांपैकी एकजण बेपत्ता.

आम्ही त्या दारावर गेलो. आत एक बाई आणि तिची दोन मुलं राहत होती.

नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला होता. फ्लॅट दोघांच्या नावावर. तिचं नाव का? कारण बाईचं नाव घातलं की बऱ्याच बँका व्याज थोडं कमी लावतात, म्हणून एजंटने सांगितलं होतं. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही मिळते. चांगलंच आहे. बाईचं नाव घरावर लागावं म्हणून आपल्या चळवळीने किती वर्षं घालवली! पण घरावर नाव लागताना कर्जावरही लागतं, हे तिला कुणी सांगत नाही. या बाईला सहकर्जदार म्हणून साठ दिवसांची मागणी नोटीस आली होती, ती नवऱ्याच्या जुन्या दुकानाच्या पत्त्यावर गेली. तिला कळलं ते दारावर कब्जाची नोटीस चिकटवल्यावर.

त्या दिवशी त्या खोलीत आमची पोळी-भाजीवाली मैत्रीण आणि ही बाई समोरासमोर बसल्या. मी दोघींच्या मध्ये. चहा तिनेच केला. मैत्रीण मला परतताना म्हणाली, ‘ताई, माझ्या घरासाठी हिला रस्त्यावर काढायचं?’

मी तिला काय सांगितलं ते सांगते, कारण यावर आपल्या कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. काहीजणी म्हणतात, संघटनेच्या बाईने लिलावातलं घर घेऊच नये. मला हे पटत नाही. तिने नाही घेतलं तर एखादा दलाल घेईल आणि चार माणसं आणून घर रिकामं करील. एकट्या बाईला परवडणारं घर दुसरं आहे कुठे? पण बोली लावायच्या आधी दार वाजवून आत कोण आहे हे बघितलंच पाहिजे. एक तर ते आपलं काम आहे, आणि दुसरं म्हणजे घरातल्या बाईइतकं खरं कुणी सांगत नाही. त्या बाईने अर्ध्या तासात पतसंस्थेचं कर्ज, सासऱ्यांनी लावलेला वाटपाचा दावा आणि नवऱ्याचा शेवटचा पत्ता सांगितला. एवढं आठ दिवसांच्या शोधातही निघालं नव्हतं.

आणि ताबा बघा. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असेल तर बँकेने फक्त कागद चिकटवला आहे, माणसं आत आहेत. त्यांना बाहेर काढायला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तो बँकेने करायचा, तुम्ही नाही. आत भाडेकरू असेल तर तो कलम १४ च्या कारवाईने सहज निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भाडे नियंत्रण कायद्यातल्या खऱ्या भाडेकरूला संरक्षण दिलं आहे. माझा सल्ला विचाराल तर प्रत्यक्ष ताबा बँकेकडे नसेल तर बोली लावू नका.

मुदती तर फारच कडक आहेत. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी पंचवीस टक्के भरायचे, अनामत त्यातच धरली जाते. विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले पंचाहत्तर टक्के. बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण जास्तीत जास्त तीन महिने. नाही भरले तर पंचवीस टक्के जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी संपूर्ण जप्ती योग्य ठरवली. तुमचं स्वतःचं गृहकर्ज पंधरा दिवसांत मंजूर होईल का? लिलावात उतरायच्या आधी मंजुरीचं पत्र हातात पाहिजे. आणि कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला आहे का, हे बँकेला लेखी विचारा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही न्यायाधिकरणं आहेत. अर्ज चालू असताना घर घेतलं आणि पुढे विक्री रद्द झाली, तर पैसे परत मिळवण्यात वर्षं जातात.

मैत्रिणीने अखेर बोली लावली नाही. फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी १९ लाख ६० हजारांना घेतला. बँकेचं व्याज आणि खर्च धरून साधारण पावणेतेरा लाख वळते झाले. उरलेले? कायदा सांगतो की बँकेचं देणं भागल्यावर उरलेली रक्कम हक्कदाराला द्यायची. त्या बाईला हे माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, घर गेलं म्हणजे सगळंच गेलं. आम्ही तिच्या नावाने बँकेला पत्र दिलं की, मी सहमालक आहे, माझ्या हिश्श्याची शिल्लक मला द्या. पतसंस्थेनेही आपला हक्क सांगितला. पण पतसंस्थेच्या कर्जावर तिची सही नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या कर्जासाठी त्याच्या हिश्श्यापर्यंतच हात जातो, तिच्या हिश्श्यापर्यंत नाही, असं आमच्या वकील ताईंनी मांडलं आहे. तो वाद अजून चालू आहे. बाई मुलांसह भावाकडे राहते.

हेच घर लिलावाच्या जाहिरातीआधी दोघींनी आपसात ठरवून घेतलं असतं तर? नवऱ्याची सही मिळवणं कठीण होतं हे खरं. पण जिथे कुटुंब एका जागी आहे आणि फक्त हप्ते थकले आहेत, तिथे हा मार्ग दोन्ही बायांच्या भल्याचा आहे. त्यात बाकीचा आकडा म्हणजे सगळं काही. बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या बाकीचं लेखी पत्र घ्यायचं, तोंडी आकड्यावर विश्वास नको. तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरायची, उरलेलीच विकणाऱ्याला. मूळ कागद बँकेकडे कुठले आहेत त्याची यादी आधी मागायची. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मात्र हे सगळं लिलावाची सूचना प्रसिद्ध व्हायच्या आत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क त्या प्रसिद्धीबरोबर संपतो, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. एक आणखी. मुद्दल आणि व्याज मिळून वीस टक्क्यांपेक्षा कमीच बाकी राहिली असेल, तर सरफेसीखाली कारवाई करता येत नाही. शेतजमिनीवरही नाही. आपल्या बायांच्या नोटिसा हातात आल्या की आधी हे तपासा. आणि बँकेने ताबा घेण्याची कारवाई केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं, तो दिवस मोजा.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. आठ दिवस आम्ही बोजे शोधत फिरलो. बँकेचा बोजा होता, पतसंस्थेचा होता, सोसायटीचा, महापालिकेचा, वीज कंपनीचा. सगळ्यांनी आपापलं नाव कुठे ना कुठे लिहून ठेवलं होतं. त्या घरात चौदा वर्षं राहिलेल्या बाईचा राहण्याचा हक्क मात्र कुठल्याच रकान्यात नव्हता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर होऊ शकतं, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण हा हक्क मुख्यतः नवऱ्याविरुद्ध आणि सासरच्यांविरुद्ध चालतो. खऱ्या तारणावर पैसे दिलेल्या बँकेपुढे तो उभा करायला गेलं की दाद मिळणं फार अवघड जातं. कर्ज होऊन गेल्यावर धावाधाव करण्यात म्हणून अर्थ नाही.

धावायचं ते आधी. त्याच कायद्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्याला घर विकायला आणि गहाण टाकायलाही मनाई करू शकतात. आपल्या केसमध्ये आपण मारहाण थांबवण्याचा आदेश मागतो, पोटगी मागतो, आणि हे मागायचं राहून जातं. आदेश मिळाला की त्याची प्रत नवऱ्याची बँक, सोसायटी आणि दुय्यम निबंधक या तिन्ही ठिकाणी देऊन पोच घ्यायची. पोटगीच्या दाव्यात ठरावीक मिळकतीवर पोटगीचा बोजा मागता येतो. वाटपाचा किंवा असा दावा चालू असेल, तर महाराष्ट्रात त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. वकील तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. ती नोंदवली नाही तर दावा चालू असताना घर घेणाऱ्यावर त्या दाव्याचं बंधन आपल्याकडे येत नाही. नोंदवली तर ती इंडेक्स दोनच्या शोधात निघते आणि उद्या त्या घरावर डोळा ठेवून येणारी बँक असो, दलाल असो की आपलीच एखादी मैत्रीण असो, तिला बाईचं नाव वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लेकींनाही हेच. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि नंतर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मिळाला, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर भाऊ परस्पर बोजा चढवून मोकळा होतो.

सत्र संपत आलं. जेवणानंतर आपण पाच-पाच जणींच्या गटात बसून इंडेक्स दोनचे उतारे आणि एक खरी लिलाव-जाहिरात वाचणार आहोत. ज्यांनी आपापल्या घराचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणली आहे, त्यांनी ती पिशवीतून वर काढून ठेवा.